रोडरोलर म्हणजे न्यायाधीश नव्हे!

गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे दोन पत्रे आली. दोन्ही एकाच विषयावरची आहेत; परंतु ती लिहिणाऱ्यांना एका खोलीत बसवले तर पाच मिनिटांत कडाक्याचे भांडण जुंपेल, यात आम्हांस शंका नाही.

पहिले पत्र एका सेवानिवृत्त शिक्षकाचे आहे. ते प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत राहतात. त्यांच्या पत्नीला हृदयविकार आहे. रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास, औषध घेऊन त्यांचा डोळा लागतो न लागतो तोच कोपऱ्यावरून एक मोटार वळते आणि सारी गल्ली खडबडून जागी होते. ‘गाडी पाहावी तर काडेपेटीएवढी आणि आवाज ऐकावा तर रणगाड्याचा,’ असे गुरुजींनी लिहिले आहे. त्यांनी गाडीचा क्रमांक टिपला, चौकीवर नेऊन दिला, हवालदाराने तो अदबीने लिहून घेतला आणि पुढे काहीही झाले नाही. या शहरात झोपण्याचा हक्क कोणत्या खात्याकडे मागावयाचा, असा त्यांचा आम्हांस सवाल आहे.

दुसरे पत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे. वडिलांनी वीस वर्षे वापरलेली छोटी, काटकसरीची मोटार आता त्याच्या वाट्याला आली आहे. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने तिच्यासाठी एक ‘हेडर’ विकत घेतला. सायलेन्सरला आपण हात लावणार नाही, धूर शुद्ध करणारे कन्व्हर्टर जागचे हलवणार नाही, आवाज वाढू देणार नाही. मग हा हेडर बसवणे गुन्हा आहे काय, एवढाच त्याचा प्रश्न. तो घेऊन हा मुलगा एका परिवहन कार्यालयात गेला. पहिल्या खिडकीने त्याला दुसरीकडे पाठवले, दुसरीने तिसरीकडे. आणि तिसऱ्या खिडकीतून उत्तर मिळाले, ‘बसवून टाक. पकडला गेलास तर बघू.’

या तिसऱ्या खिडकीच्या उत्तरासाठीच आज आम्ही पहिल्या पानावरची ही जागा खर्च करीत आहोत.

ज्या वाचकांनी मोटारीचे बॉनेट आजवर केवळ पाणी भरण्यापुरतेच उघडले असेल, त्यांच्यासाठी ही हेडर नावाची वस्तू काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. इंजिनात पेट्रोल जळले की प्रत्येक सिलिंडरमधला जळका वायू झडपेवाटे बाहेर फेकला जातो. तीन किंवा चार सिलिंडरांचा हा उच्छ्वास गोळा करून मागे सायलेन्सरकडे नेणारा जो भाग असतो त्यास मॅनिफोल्ड म्हणतात. छोट्या, स्वस्त गाड्यांत पूर्वापार तो बिडाचा असे : आखूड, जाडजूड, ओबडधोबड, परंतु स्वस्त आणि टिकाऊ, उष्णता आणि आवाज दोन्ही पोटात ठेवणारा. त्याचा दोष एकच. सगळ्या सिलिंडरांचे उच्छ्वास त्याच्या अरुंद पोटात एकमेकांवर आदळतात. संध्याकाळी सहा वाजता अलका टॉकीजच्या चौकात जे होते तेच तेथे होते. हेडर म्हणजे या बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी बसवावयाचा, पोलादी नळ्यांचा जुडगा. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते, नळ्यांची लांबी शक्य तितकी सारखी ठेवलेली असते आणि त्या पुढे जाऊन मिळतात. कोठे चारांच्या दोन व दोनांची एक, तर कोठे चारांची एकदम एक.

यामागील शास्त्र मोठे मनोहर आहे. झडप उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला पाचशे मीटरहून अधिक असतो. नळी जेथे एकदम रुंद होते तेथून उलट जातीची, म्हणजे ओढीची लाट माघारी फिरते. ती नेमक्या कोणत्या क्षणी झडपेशी पोहोचते यावर सारा खेळ आहे. उच्छ्वासाची झडप मिटत आहे आणि श्वासाची झडप उघडत आहे अशा संधिकाळी ती पोहोचली, तर सिलिंडरमध्ये रेंगाळलेला धूर ती ओढून घेते आणि त्याच्या पाठोपाठ ताजी हवा आत येते. कोणताही पंप न बसवता पंपाचे काम होते.

परंतु या खेळात एक मेख आहे. नळीची लांबी ठरली की लाटेच्या जाण्यायेण्याचा वेळ ठरला. इंजिनाचा वेळ मात्र क्षणोक्षणी बदलत असतो. मिनिटाला ४५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सुमारे तेरा सहस्रांश सेकंदांत पुरा होतो. तेच इंजिन १५०० फेऱ्यांवर चालले तर त्याच फेऱ्याला चाळीस सहस्रांश सेकंद लागतात. त्यामुळे ४५०० फेऱ्यांसाठी बेतलेली नळी १५०० फेऱ्यांवर वेळ चुकवते. कर्वे रस्त्यावर दुसऱ्या गियरात रखडणाऱ्या मोटारीला हेडरचा उपयोग जवळपास नाही. आणि नळ्या गरजेहून रुंद घेतल्या असतील तर खालच्या फेऱ्यांवरची ओढ कमीच होते. छोट्या गाडीला एवढ्या खटाटोपातून मिळून मिळणार काय, तर वरच्या फेऱ्यांवर चार-दोन अश्वशक्ती. डिकीतली अडगळ उतरवली तरी गाडी थोडी चपळ होतेच, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग हा मुलगा हे का करू पाहतो? आम्ही त्याचे उत्तर असे देऊ की, त्याला ते स्वतःच्या हाताने करून पाहावयाचे आहे. वीस वर्षांच्या उष्णतेने भाजून निघालेली मॅनिफोल्डची नटे सोडवणे हे एक तप आहे. आदल्या रात्री त्यांवर तेल सोडून ठेवावे लागते, दुसऱ्या दिवशी पाना लावून धीराने, पुढे-मागे करीत ती हलवावी लागतात. घाई केली की स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटून बसतो आणि मग तो काढताना चार पुस्तकांत नसलेले धातुशास्त्र कळते. हेडरची फ्लॅन्ज सपाट आहे की नाही हे आरशाच्या काचेवर ठेवून पाहावे लागते. ती वाकडी असेल तर नवे गॅस्केट आठवड्यात फुंकून जाते. इंजिन एकदा तापून थंड झाले की सगळे नट पुन्हा आवळावे लागतात. नळ्या खाली किती लोंबतात आणि आपल्या नगरपालिकांचे गतिरोधक किती उंच असतात यांचा मेळ घालावा लागतो. बिडाचा भाग जी उष्णता पोटात ठेवीत होता ती आता मोकळी झालेली असते, म्हणून शेजारच्या वायरी आणि रबरी नळ्या दूर बांधाव्या लागतात. ज्या मुलाने हे एकदा केले, तो पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा त्याला इंजिन म्हणजे फळ्यावरची आकृती वाटणार नाही. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगराच्या कारखान्यापर्यंत पोहोचलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुतळे उभारावयाचे आणि हातात पाना घेतलेल्या आपल्याच मुलाला ‘अभ्यास सोडून हे काय चालले आहे’ म्हणून दटावावयाचे, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनीच खोड आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः गाड्या बांधून त्या स्पर्धेत उतरवाव्यात, अशा फॉर्म्युला स्टुडंट जातीच्या स्पर्धा आज आपल्या देशात होतात आणि पुण्यातील महाविद्यालये त्यांत हौसेने भाग घेतात. तेथे हेडरच्या नळ्या विद्यार्थीच वाकवतात, विद्यार्थीच जोडतात. मात्र तेथे आवाज मोजल्याखेरीज कोणतीही गाडी मैदानात उतरू दिली जात नाही. या शेवटच्या वाक्याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो.

कारण गुरुजींच्या गल्लीतून मध्यरात्री जाणारी गाडी या जातीची नव्हे. रणगाड्याचा तो आवाज मुख्यतः हेडरचा नसतो. पातळ नळ्या बिडापेक्षा थोड्या खणखणतात हे खरे, परंतु पुढे सायलेन्सर शाबूत असेल तर तो आवाज गल्ली जागी करण्याइतका होत नाही. झोपमोड होते ती सायलेन्सर पोकळ केल्याने किंवा काढून त्याच्या जागी ‘फ्री-फ्लो’ नावाची सरळ नळी बसवल्याने. गॅरेजांच्या एका वर्गाने या दोन गोष्टींची आता मोट बांधून टाकली आहे. ‘हेडर घेतलात ना, मग मागचे सगळेच बदलावे लागते, नाहीतर उपयोग नाही,’ असे ग्राहकास सांगण्यात येते. त्यात अर्धसत्य आहे आणि पूर्ण धंदा आहे. ग्राहकही पुष्कळदा बळी नसतो. त्याला अश्वशक्ती नकोच असते, आवाजच हवा असतो. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या गाडीला तीनशे अश्वशक्तीचा घसा लावून फर्ग्युसन रस्त्यावरून मिरवावे, लोकांनी माना वळवून पाहावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. लोक माना वळवून पाहतात हे खरे. त्या वेळी ते मनात काय म्हणतात ते त्याला ऐकू येत नाही, कारण गाडीचा आवाज फार असतो.

आवाजाहून मोठा अपराध मात्र मुका आहे आणि म्हणून त्याच्याविरुद्ध कोणी चौकीवर जात नाही. मोटारीच्या धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या त्याच्या गाभ्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही तीन विषे त्यातून जाताना बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हे उपकरण सक्तीचे झाले. त्याला शिसे चालत नाही म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० साली देशभरातून शिशाचे पेट्रोल हद्दपार झाले. तेव्हापासून भारत स्टेजच्या पायऱ्या चढत १ एप्रिल २०२० रोजी आपण सहाव्या पायरीवर पोहोचलो. या पायऱ्या चढण्यासाठी देशाने अपार पैसा ओतला आहे, आणि तो शेवटी मोटार घेणाऱ्याच्या व पेट्रोल भरणाऱ्याच्या खिशातूनच गेला आहे.

आता हेडरशी त्याचा संबंध पाहा. हा डबा अडीच-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. तो लवकर तापावा म्हणून कारखानदारांनी तो इंजिनाच्या जवळजवळ आणला. अनेक नव्या छोट्या गाड्यांत तो मॅनिफोल्डला चिकटूनच असतो, काहींत दोन्ही मिळून एकच भाग असतो. अशा गाडीत मॅनिफोल्ड काढून हेडर बसवणे याचा अर्थ कन्व्हर्टर काढून फेकणे असाच होतो. त्यास दुसरे गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. डब्याच्या मागे बसवलेला ऑक्सिजन सेन्सर लगेच तक्रार करतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मग सेन्सर धुराच्या झोतापासून जरा दूर सरकवण्यासाठी एक छोटे बूच बसवतात, किंवा गाडीच्या संगणकालाच खोटे बोलावयास शिकवतात. रोग्याला ताप नाही असे दाखवण्यासाठी थर्मामीटर गार पाण्यात बुडवावा, तशातलाच हा प्रकार. काढलेला डबा ग्राहकाला परत मिळतोच असेही नाही. ‘जुना माल आम्हीच ठेवून घेतो’ या औदार्यामागे ते तीन मौल्यवान धातू असतात. ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरीस गेल्याच्या बातम्या २०२१ च्या सुमारास मुंबई-पुण्याकडे वारंवार येत होत्या, त्या चोऱ्या लोखंडासाठी होत नव्हत्या.

आणि हा धूर घेतो कोण? मोटारीचा मालक काचा वर करून, वातानुकूल यंत्र लावून बसलेला असतो. सिग्नलला त्याच्या मागे दुचाकीवर उभा असलेला खाद्यपदार्थ पोहोचवणारा पोरगा, आठ तास चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, शाळेच्या रिक्षात दाटीवाटीने बसलेली मुले, यांच्या छातीत तो जातो. मालकाच्या चार अश्वशक्तींचे बिल ही मंडळी भरतात.

कायदा याबाबत मुका आहे असे नाही. उलट तो फार बोलतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असा फेरफार मालकाने करू नये. केरळातील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आले. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धूर यांची मानके मोडणाऱ्यासाठी कलम १९० आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवान्याला मुकणे अशी तरतूद आहे. १९८९ च्या नियमांत सायलेन्सरसाठी स्वतंत्र नियम आहे. २००० सालच्या ध्वनिनियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, रुग्णालये व शाळांच्या परिसरात तर अनुक्रमे ५० आणि ४०. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटाविरुद्ध सविस्तर निकाल दिला आणि शांततेने जगणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. गुरुजींना झोपण्याचा हक्क कोणत्या खात्याकडे मागावा असा प्रश्न पडला आहे. तो हक्क त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच दिलेला आहे. तो प्रभात रस्त्यापर्यंत आणून पोहोचवणारे कोणी नाही, इतकेच.

कारण एवढ्या कलमांच्या फौजेत मोजणारा शिपाई एकही नाही. पी.यू.सी. केंद्रावर पेट्रोल मोटारीच्या नळीत सळई घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. आवाज तर मोजतच नाहीत. त्या प्रमाणपत्रावर आवाजाचा रकानाच नाही. म्हणजे ज्या गाडीने रात्री सारी गल्ली उठवली ती सकाळी केंद्रावर जाऊन ‘प्रदूषण नियंत्रणाखाली’ असल्याचा दाखला घेऊन येऊ शकते. उलट विद्यार्थ्याच्या त्या निरुपद्रवी हेडरचे काय? नोंदणीपत्रात मॅनिफोल्डसाठी रकाना नाही, म्हणून कलम ५२ त्याला लागते की नाही यावर वकिलांनी कीस काढावा. परंतु १८२-अ ची भाषा इतकी ऐसपैस आहे की कोणत्याही पोलिसाने बॉनेट उघडून चकचकीत नळ्या पाहिल्या तर त्याने त्याला दोषी धरावे. आवाज मोजावयाचा नाही, धूर पुरता मोजावयाचा नाही, फक्त चकाकते काय ते पाहावयाचे. अशा कायद्याने भल्या मुलाला भय वाटते आणि उपद्रवी माणसाला फक्त ‘पकडला गेलास तर बघू’ एवढे ऐकावे लागते. बघण्याचा भाव काय असतो ते आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

मग अधूनमधून मोहीम निघते. आपल्या राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले, त्यांवरून रोडरोलर फिरवला आणि वृत्तपत्रांनी, आम्हीही त्यांत आलो, त्याची छायाचित्रे छापली. ते सायलेन्सर बहुतेक मोटरसायकलींचे होते आणि त्यांचे अश्रू आम्ही ढाळणार नाही. परंतु चिरडलेल्या नळ्यांची जागा दुसऱ्या नळ्या आठवड्याभरात घेतात, कारण विकणारे दुकान उघडेच असते. रोडरोलर हे रस्ता करण्याचे यंत्र आहे. पुण्यातील रस्त्यांची अवस्था पाहता त्याला तेच काम पुरेसे आहे. रीतसर आणि बेरीत यांतला फरक त्याला कळत नाही. त्याच्याखाली कारखान्यातला सायलेन्सर ठेवला तरी तो तितक्याच आनंदाने चपटा होईल. तो फरक मोजमापाने करावयाचा असतो, आणि तो करून द्यावा अशी मागणी आम्ही करीत आहोत.

असे करणे अशक्य आहे म्हणून कोणी सांगेल तर त्याने गॅसवर चालणाऱ्या गाड्यांकडे पाहावे. पेट्रोलच्या मोटारीत सी.एन.जी.ची टाकी, नळ्या आणि रेग्युलेटर बसवणे हा हेडरहून कितीतरी मोठा आणि, चूक झाली तर, कितीतरी घातक फेरफार आहे. तरीही तो आपल्या देशात कायदेशीर आहे, कारण त्यासाठी वाट बांधून दिली आहे. किट मान्यताप्राप्त संस्थेत तपासलेले असावे लागते, ते ठरावीक जागीच बसवून घ्यावे लागते आणि नोंदणीपत्रात तशी नोंद करावी लागते. ज्या सरकारला बुटात उच्च दाबाचा सिलिंडर चालतो त्याला बॉनेटखाली चार नळ्या का चालू नयेत? बाहेरच्या देशांत ही वाट फार पूर्वीच बांधली गेली आहे. कॅलिफोर्नियात धुराचे नियम जगात कडक समजतात, तरी तेथील हवा-मंडळ तपासून उत्तीर्ण झालेल्या हेडरला आदेश-क्रमांक देते. तो क्रमांक असलेला हेडर खुशाल बसवावा, नसलेला बसवला तर गाडी तपासणीत नापास. जर्मनीत अशा सुट्या भागांना तांत्रिक तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. जपानात बदललेल्या सायलेन्सरवर मान्यतेची खूण नसेल तर मुदतीची तपासणी पार पडणे कठीण. हौशी माणसाला या देशांनी गुन्हेगार ठरवले नाही आणि त्याला मोकाटही सोडले नाही.

आमच्या शहराला तर या बाबतीत सबब सांगण्याची सोयच नाही. मोटारींचा धूर आणि आवाज मोजण्याचे शास्त्र ज्या संस्थेने या देशात रुजवले ती १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आपल्याच वेताळ टेकडीवर बसली आहे. रोज पहाटे शेकडो पुणेकर तिच्या कुंपणाजवळून फिरावयास जातात. भोसरीला सी.आय.आर.टी. आहे, अहिल्यानगरला व्ही.आर.डी.ई. आहे. नव्या गाड्यांना पात्रतेचे दाखले देणाऱ्या या संस्थांना छोट्या गाड्यांच्या हेडरची एक चाचणी ठरवून देणे अवघड नाही. कन्व्हर्टर जागेवर राहिला पाहिजे, मूळ सायलेन्सर राहिला पाहिजे, सर्व सेन्सर खरे बोलले पाहिजेत आणि धूर व आवाज त्या गाडीच्या मूळ मर्यादेत बसले पाहिजेत, एवढ्या चार अटी पुरेत. त्या पुऱ्या करणारा हेडर बनवणाऱ्याला क्रमांक द्यावा आणि बसवणाऱ्याला नोंदणीपत्रावर शिक्का. ज्या गाडीत कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला आहे तीत बहुतेक हेडर या चाचणीत नापास होतील. त्यांनी व्हावेच.

आणि दुसरीकडे, पी.यू.सी. केंद्रावर आवाजमापक यंत्र ठेवावे. ते काही महाग प्रकरण नाही; गणेशोत्सवात पोलीस ते हाती घेऊन फिरताना आपण दरवर्षी पाहतो. दहा दिवसांच्या उत्सवात ज्याने ढोल मोजता येतात त्याने उरलेल्या तीनशेपंचावन्न दिवसांत मोटारी मोजता येणार नाहीत असे शास्त्र नाही. कन्व्हर्टर काढून देणारे आणि सेन्सरला बूच लावणारे गॅरेज सापडले तर कारवाई ग्राहकाबरोबर त्या गॅरेजवरही झाली पाहिजे. एकट्या गाडीमालकाला दंड करणे म्हणजे गावठी दारू पिणाऱ्याला पकडून भट्टी चालू ठेवण्यासारखे आहे.

या मागणीवर गुरुजी नाराज होतील याची आम्हांस कल्पना आहे. त्यांना सरसकट बंदी हवी आहे, आणि ज्याच्या घरी हृदयरोगी आहे त्याने ती मागू नये असे आम्ही म्हणू शकत नाही. आम्ही त्यांना एवढेच विचारतो की, सरसकट बंदी आजही कागदावर आहेच. तिने त्यांना एक तरी रात्र शांत झोप दिली आहे काय?

विद्यार्थ्यालाही आम्ही खूश करू शकत नाही. त्याचा हेतू शुद्ध आहे, परंतु आज जशी कलमे आहेत तशी ती आहेत, आणि उद्या गाडीला अपघात झाला तर न कळवलेल्या फेरफाराची सबब पुढे करून विमा कंपनी हात वर करू शकेल हेही त्याने ध्यानात घ्यावे. त्याच्या वडिलांनी वीस वर्षे जपलेली गाडी ‘पकडला गेलास तर बघू’ या आश्वासनावर पणाला लावू नये. हेडर तूर्त खोक्यातच राहू द्यावा. मात्र गप्प बसू नये. त्याने परिवहन कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. गाडीचा तपशील, हेडरचे माप, कन्व्हर्टर व सायलेन्सर न काढण्याचे वचन हे सर्व त्यात लिहावे, परवानगी द्यावी किंवा कोणत्या कलमान्वये नाकारली ते सांगावे असे स्पष्ट मागावे आणि पोहोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहेच. अर्जाची एक प्रत त्याने आमच्याकडे पाठवावी. उत्तर येईल त्या दिवशी ते आम्ही याच पानावर, संबंधित कलमासह, छापू.